पूर ओसरल्यावर दाद कुणाकडे मागायची?

२२ जुलै २०२३ रोजी सातपुड्याच्या पायथ्याशी असा पाऊस कोसळला की बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत नदी-नाले घराघरांत शिरले. बुडालेलं पीक पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येतं. पण जिथली काळी मातीच खरडून गेली आणि वर गोटे नि रेती उरली, ते शेत सावरायला वर्षं लागतात. वरवट बकालसारख्या बाजाराच्या गावाचं पोटही त्याच मातीवर चालतं. आणि नेमक्या त्या दिवशी जळगाव जामोदला नगराध्यक्षच नव्हता. नगरपालिकेची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेलेला. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष असतात. बुलढाण्यात २०२२ पासून तीही खुर्ची रिकामी होती.

पुरात अडकलेल्यांना बाहेर काढायला सरकारी यंत्रणाच हवी, याबद्दल वाद नाही. अडचण त्यानंतर सुरू होते. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनामा करतात, यादी तहसीलला जाते, पैसे थेट बँक खात्यात येतात. ज्याचं नाव यादीतून सुटलं, त्याने कुणाचं दार ठोठावायचं? नाल्यातला गाळ काढायचा की आधी पूल बांधायचा, हे कोण ठरवणार? चिपळूणचंच बघा. तिथला महापूर २२ जुलै २०२१ चा, म्हणजे बरोबर दोन वर्षं आधीचा. वाशिष्ठी आणि शिव नद्यांतला गाळ काढावा म्हणून त्याच डिसेंबरात नागरिकांना साखळी उपोषणाला बसावं लागलं. लगोलग नगरपालिकेची मुदत संपली आणि पुनर्उभारणीची पुढची वर्षं लोकनियुक्त कारभाऱ्याविना गेली. गाळ निघाला, पण लोकांच्या रेट्याने. जिथे लोकांनी निवडून दिलेला कारभारी नसतो तिथे प्रत्येक मागणीचं आंदोलन करावं लागतं, आणि माती गेलेल्या शेतकऱ्याला तेवढी उसंत नसते.

यावर पानशेतचा दाखला दिला जातो. १२ जुलै १९६१ ला धरण फुटल्यावर पुणं सावरलं ते स. गो. बर्वे यांच्यासारख्या अधिकाऱ्याच्या हातून. मग निवडून आलेला माणूसच कशाला हवा? पण बर्वे पुण्यात आधी जिल्हाधिकारी आणि पालिका आयुक्त राहिलेले, शहराची नस ओळखणारे. तेव्हाचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांनी त्यांना मोकळा हात दिला होता. आणि १९६२ साली तेच बर्वे शिवाजीनगरातून विधानसभेला उभे राहिले, पुणेकरांनी त्यांना निवडून दिलं. अधिकार आणि लोकांपुढे उभं राहण्याची तयारी, दोन्ही तिथे एकत्र आली होती. तीन वर्षांत बदली होणाऱ्या मुख्याधिकाऱ्याकडून ती अपेक्षा ठेवणं त्याच्यावरही अन्याय आहे. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: निवडून आलेला आपल्या गटाला आधी देईल. देईलही. म्हणूनच पंचनाम्याची यादी ग्रामसभेत आणि प्रभागात मोठ्याने वाचली गेली पाहिजे, हरकतींना मुदत मिळाली पाहिजे, आणि मंजुरी तहसीलदाराकडेच राहिली पाहिजे. गटबाजीच्या भीतीने कारभारीच काढून घेतला तर यादी बंद खोलीत बनते, आणि वशिला तिथेही चालतो.

डिसेंबर २०२५ मध्ये अखेर नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या आणि नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडले गेले. आता जिल्हा प्राधिकरणात पूरग्रस्त शहराच्या नगराध्यक्षाला आणि गावाच्या सरपंचाला बसायला जागा द्या, नाले-खोलीकरणाचा निधी त्यांच्या ठरावाशी जोडा. आणि हे मृग लागण्याआधी व्हायला हवं.