एकसष्टचा हट्ट

मागच्या महिन्यात देवासला ताईकडे गेलो होतो. अभिमानाने छाती फुगवणारा एक संदेश मी आदल्या दिवशी घरच्या ग्रुपवर पुढे ढकलला होता. चहा यायच्या आत अकरावीतली भाची लॅपटॉप घेऊन समोर बसली. "मामा, तुमच्या भास्कराचार्यांचं गणित चुकलंय."

गणित असं. एका पूर्ण संख्येचा वर्ग करा, त्याला ६१ ने गुणा, त्यात १ मिळवा. येणारं उत्तरही पूर्ण वर्ग हवं. शून्य चालणार नाही. ६१ ऐवजी ६० घेतले तर काम किरकोळ आहे. ४ चा वर्ग १६, त्याची साठपट ९६०, अधिक १ म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ ला ८ पुरतात, उत्तर ६३ चा वर्ग. मधले ६१ मात्र हटून बसतात. तिथे सर्वांत लहान जोडीच २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९ ही आहे. भास्कराचार्यांनी ती 'बीजगणित' ग्रंथात, ११५० च्या सुमारास दिली. फ्रान्समध्ये फर्माने हेच ६१ घेऊन लोकांना कोडं घातलं ते १६५७ मध्ये.

भाचीने दोन्ही बाजू एक्सेलमध्ये मांडल्या होत्या. "फरक एकाचा यायला हवा ना? शून्य येतोय." खरंच शून्य. मी चपापलो. मग आकडे नीट पाहिले. दोन्हींच्या शेवटी चार शून्यं. अगं, ९ वर संपणाऱ्या संख्येचा वर्ग शून्यावर कसा संपेल? एक्सेल पंधरा अंक सांभाळतं आणि हे वर्ग एकोणीस अंकी! नेमका जो १ शोधायचा, तोच गळून गेला होता.

मग कागद घेतला. पोहे गार झाले, ताई दोनदा ओरडली. मी एकदा हातचा विसरलो, तो भाचीने पकडला. शेवटी पहिल्या संख्येच्या वर्गाची एकसष्टपट ३११९८८२९८२८६०२६४४०० आणि दुसरीचा वर्ग ३११९८८२९८२८६०२६४४०१. भाची कितीतरी वेळ त्या शेवटच्या दोन अंकांवर बोट ठेवून बसली होती.

एवढी मोठी संख्या चाचपडत सापडत नाही. चक्रवाळ पद्धतीत सुरुवात ८ पासून होते: ८ चा वर्ग ६१ पेक्षा ३ ने जास्त. तिथून ३९ आणि ५ ची जोडी मिळते: १५२१ आणि ६१ गुणिले २५, म्हणजे १५२५; ४ कमी. पुढे २९७१८ आणि ३८०५, तिथे फक्त १ कमी. आता २९७१८ च्या वर्गाची दुप्पट करून १ मिळवा, आपला आकडा हजर. (माझ्या संदेशात ही पद्धत भास्कराचार्यांनीच शोधली असं होतं. ते चूक, जयदेवांनी ती आधीच मांडली होती. ग्रुपवर दुरुस्ती टाकली आहे.)

आम्हा धारकरांना यात थोडं मिरवायला जागा आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथला १२०७ चा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा तो लेख. त्यातल्या वंशावळीत पाच पिढ्या आधीचे भास्करभट्ट आहेत आणि भोजराजाने त्यांना 'विद्यापती' पदवी दिल्याचा उल्लेख आहे. भोज म्हणजे आपल्या धारचाच. आपल्यातली बहुतेक घरं पवारांच्या मागोमाग माळव्यात आली. हे नातं त्याच्या कितीतरी आधीचं.

भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, "ते असू दे मामा, पुढचं गणित द्या." भास्कराचार्यांनी ६१ च्या जोडीला ६७ ही घातले आहेत, ते दिले. तिथे संख्या पाच अंकांच्या आत आटोपतात, तेव्हा तुम्हीही कागद घ्या. उत्तर मी इथे छापत नाही. ती अजून सोडवते आहे आणि हा अंक वाचते.