साथींच्या काळातील जुन्या मृत्यूनोंदी जतन करून अभ्यासासाठी खुल्या करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्य सचिव,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : गाव नमुना १४, कोतवाल बुक, जुन्या सरकारी दवाखान्यांच्या नोंदवह्या आणि देवी काढल्याच्या नोंदी यांचे निंदणीकरण थांबवणे व शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदी हौशी अभ्यासकांना पाहू देणे.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे आपापल्या गावाचा आणि तिथल्या रोगराईचा, औषधपाण्याचा इतिहास शोधणारे हौशी अभ्यासक आहोत. आमच्यात निवृत्त डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, परिचारिका, माजी तलाठी, मोडी वाचणारे आणि औषधांच्या दुकानात उभी हयात घालवलेले लोकही आहेत. पदवीसाठी किंवा पगारासाठी हे काम कोणी करत नाही. आपल्या गावात कोणत्या साली कोणती साथ आली, किती माणसे गेली, गाव कुठे उठून गेला आणि कधी परतला, हे नीट लिहून ठेवावे एवढीच आमची इच्छा आहे. ते लिहिण्यासाठी लागणारा कागद शासनाच्याच ताब्यात आहे. तो झिजत चालला आहे, काही ठिकाणी रद्दीत जात आहे, आणि उरलेला आम्हाला पाहायला मिळत नाही. म्हणून हे निवेदन.

या कागदाचे मोल काय आहे, हे थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, रोगी ओळखला. त्यानंतर काही महिन्यांत ही साथ पुण्यात पोहोचली आणि पुढची अनेक वर्षे गावोगाव फिरत राहिली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला तो याच साथीमुळे. १३ मार्च २०२० पासून कोविडसाठी आपल्या राज्यात लागू केला तो हाच कायदा. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. १० मार्च १८९७ रोजी रुग्णसेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. हा सगळा इतिहास पुस्तकांत आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्याच वर्षी हवेली, खेड, जुन्नर, वाई, कराड या तालुक्यांतल्या एखाद्या वाडीत उंदीर पडायला लागले तेव्हा काय झाले, कोणत्या आळीत पहिले माणूस गेले, लोक माळावर झोपड्या घालून किती महिने राहिले, हे कोणत्याच पुस्तकात नाही. ते असेल तर पाटील-कुलकर्ण्यांनी भरलेल्या जन्म-मृत्यूच्या नोंदींत आहे.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाची, आपल्याकडच्या लोकांच्या तोंडी असलेल्या मानमोडीची, गोष्ट याहून खेदाची आहे. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून ती शिरली, पावसाळा सरता सरता तिने उग्र रूप घेतले आणि मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे नेली. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, त्याचे मोठे कारण ही साथ. एवढ्या मोठ्या आपत्तीचे स्मारक महाराष्ट्रातल्या खेड्यांत आम्हाला जवळजवळ कुठे दिसले नाही. ज्यांनी ती पाहिली ती पिढी आता नाही. त्यांच्या नातवंडांना एवढेच आठवते की पणजी त्या साली गेली आणि आजोबा मामाकडे वाढले. त्या पणजीचे नाव, तारीख आणि मृत्यूचे कारण एका ओळीत लिहिलेले असण्याची शक्यता आहे, आणि ती ओळ तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात फडक्यात बांधून पडलेली आहे.

ही ओळ वाचायला गावचा माणूस लागतो, हा आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. जुन्या नोंदींत मृत्यूचे कारण ठरावीक शब्दांत येते : ताप, पटकी, देवी, हगवण, इजा, इतर. प्लेगच्या वर्षांत घरझडती, सामानाची जाळपोळ आणि छावणीत रवानगी यांच्या धास्तीने लोक गाठीचा रोगी लपवत असत. अशा वर्षी हिवाळ्यात एकाच आळीत ‘ताप’ म्हणून लागोपाठ सात-आठ मृत्यू दिसले, तर तो नुसता ताप होता का, हे विचारावे लागते. त्याचे उत्तर शोधायला ती आळी कुठे होती, तिथे धान्याची वखार होती का, रेल्वे स्टेशन किती दूर, कोणाचे सोयरे मुंबईच्या गिरणीत होते, मरीआईचे ठाणे गावाच्या कोणत्या शिवेवर आहे आणि ते केव्हा बसवले असे सांगतात, हे सगळे माहीत असावे लागते. विद्यापीठातले संशोधक हे काम करू शकतात. पण राज्यात चाळीस हजारांवर गावे आहेत आणि प्रत्येक गावाला संशोधक मिळणार नाही. गावाला मिळू शकतो तो गावातलाच जिज्ञासू माणूस. नोंदीतल्या आडनावावरून तो वस्ती सांगतो. आमच्यातला डॉक्टर लक्षणे वाचतो, मोडी जाणणारा अक्षर लावतो.

महाराष्ट्राला ही परंपरा नवीन नाही. डॉ. भाऊ दाजी लाड हे पेशाने वैद्य होते, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले, आणि शिलालेखांचे वाचन त्यांनी आवडीने केले. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत शिकवत आणि त्यांनी पटवर्धनांची दप्तरे उजेडात आणली. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे प्राध्यापक. पुण्याच्या आसपास पायी फिरून त्यांनी लोकदेवतांची ठाणी अभ्यासली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले ते राजवाड्यांसारख्या, सरकारी आश्रय नसलेल्या माणसांच्या खटपटीतून. ‘हौशी’ म्हणून आम्हाला दारातून परत पाठवताना ही नावे आठवावीत, अशी आमची विनंती आहे.

आणि परत पाठवले जाते, हे खरे आहे. एका तालुक्याच्या अभिलेख कक्षात आमच्या सदस्याला मयताशी नाते सिद्ध करणारा पुरावा मागितला गेला. मयताच्या मृत्यूला एकशे वीस वर्षे झाली होती. दुसऱ्या ठिकाणी विद्यापीठातल्या मार्गदर्शकाचे पत्र आणा असे सांगितले गेले. एका जुन्या सरकारी रुग्णालयाची इमारत पाडताना तळघरातल्या नोंदवह्या ओल्या झाल्या आहेत असे कारण देऊन एकत्र बांधून बाहेर काढल्या गेल्या, आणि पुढे त्या कुठे गेल्या हे कोणी सांगू शकले नाही. आम्ही कोणाचे नाव घेत नाही, कारण दोष एखाद्या कर्मचाऱ्याचा नाही. नियम स्पष्ट नसला की कर्मचारी नाही म्हणणेच सुरक्षित समजतो.

हे काम शासनाला अवघड नाही, याचा पुरावा शासनानेच दिला आहे. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी हीच कोतवाल बुके, हेच गाव नमुना १४, शाळांची जुनी दाखल-खारीज रजिस्टरे जिल्ह्याजिल्ह्यांत उघडली गेली. मोडी जाणकारांना बोलावले गेले, लाखो पाने तपासली गेली आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर नोंदींच्या स्कॅन केलेल्या प्रती ठेवल्या गेल्या. त्या शोधाच्या हेतूबद्दल आम्हाला इथे काही म्हणायचे नाही. आम्ही एवढेच दाखवू इच्छितो की ज्या पानावर जातीचा रकाना वाचला गेला, त्याच पानावर मृत्यूच्या कारणाचाही रकाना आहे. पाने उघडून झाली आहेत, धूळ झटकून झाली आहे, मोठा खर्चही होऊन गेला आहे. आता ती पाने पुन्हा बांधून ठेवण्याआधी दुसऱ्या रकान्याचाही उपयोग व्हावा.

दुसरी एक गोष्ट मनाला लागते. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिशकालीन भारताच्या वैद्यकीय इतिहासाचे छापील अहवाल इंटरनेटवर विनामूल्य ठेवले आहेत. लंडनच्या वेलकम संग्रहात १८९६-९७ च्या मुंबईतल्या प्लेगची छायाचित्रे घरबसल्या पाहता येतात. म्हणजे इलाख्याच्या आरोग्य खात्याने वरून काय पाहिले ते साताऱ्यातला विद्यार्थी एडिंबऱ्याच्या कृपेने वाचू शकतो. पण त्याच अहवालांची बेरीज ज्या गावनोंदींतून झाली, त्या त्याच्या घरापासून दोन मैलांवर असूनही त्याला दिसत नाहीत.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत तातडीची मागणी अशी की, १९५० पूर्वीच्या जन्म-मृत्यू नोंदवह्या, लोकल बोर्डाच्या व नगरपालिकांच्या दवाखान्यांची रुग्णपुस्तके, देवी काढल्याच्या नोंदी आणि साथींसंबंधीचा पत्रव्यवहार यांचे निंदणीकरण सर्व कार्यालयांत तात्काळ थांबवावे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ अस्तित्वात आहे. त्याच्या आधारे महसूल, सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण व नगरविकास या विभागांना एकच परिपत्रक काढता येईल. रुग्णालयाची किंवा दवाखान्याची जुनी इमारत पाडण्याआधी तिथला कागद पुराभिलेख संचालनालयाच्या प्रतिनिधीने पाहिलाच पाहिजे, अशी अट त्या परिपत्रकात असावी. ससून, जे. जे. यांसारख्या मोठ्या रुग्णालयांकडे निदान लोकांचे लक्ष असते. तालुक्याच्या ठिकाणच्या शंभर वर्षे जुन्या दवाखान्याकडे कोणाचेच नसते.

दुसरी मागणी पाहू देण्याची. मृत्यूच्या नोंदीला शंभर वर्षे झाली की ती कोणाही नागरिकाला ओळखपत्र दाखवून, ठरलेल्या दिवशी, कर्मचाऱ्यासमोर पाहता यावी. नात्याचा पुरावा किंवा विद्यापीठाचे पत्र मागू नये. फ्लॅशशिवाय छायाचित्र घेऊ द्यावे. मनोरुग्णालये आणि कुष्ठधाम यांच्या नोंदींचा प्रश्न मात्र वेगळा आहे. तिथे एखाद्या घराण्याला आजही डाग लागू शकतो. अशा नोंदींतली नावे झाकून आकडे आणि उपचार तेवढे दाखवावेत, असे आमचे मत आहे. जातीच्या उल्लेखांचा कोणाच्या अपमानासाठी वापर होणार नाही, असे लेखी हमीपत्र द्यायला आम्ही तयार आहोत.

कुणबी नोंदींसाठी तयार झालेल्या स्कॅन प्रतींची एक संपूर्ण प्रत पुराभिलेख संचालनालयाकडे जमा व्हावी आणि तिची तालुकावार सूची प्रसिद्ध व्हावी, ही तिसरी मागणी.

चौथी मागणी कागदाची नाही, माणसांची आहे. भारतातले देवीचे शेवटचे रोगी १९७५ मध्ये सापडले. त्या मोहिमेत घरोघर फिरलेले लस टोचणारे, ज्यांना गावात देवीडॉक्टर म्हणत, आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. १९५३ पासून सुरू झालेल्या हिवताप कार्यक्रमात डीडीटीची फवारणी करून भिंतीवर गेरूने तारखा लिहिणारे कर्मचारी, कुष्ठरोग तंत्रज्ञ, सायकलवरून बाळंतपणाला जाणाऱ्या परिचारिका यांच्या आठवणी कोणत्याही कपाटात नाहीत. निवृत्तिवेतनाच्या यादीवरून जिल्हा परिषदांनी या लोकांशी संपर्क साधावा, त्यांची संमती घ्यावी आणि मुलाखतींसाठी आमच्याशी गाठ घालून द्यावी. ध्वनिमुद्रणाचा खर्च आम्ही करू, प्रत शासनाला देऊ. या कामाला उशीर परवडणारा नाही.

शासनाकडे आम्ही अनुदान मागत नाही. पुराभिलेख संचालनालयाने मोडी प्रशिक्षणाचे वर्ग तालुक्याच्या ठिकाणीही घ्यावेत, एवढी मदत झाली तर उपकार होतील. बाकी श्रम आमचे. गठ्ठे झटकणे, पाने लावणे, नोंदींची सूची करणे, मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणे ही कामे आम्ही विनामोबदला करू. मूळ कागद कार्यालयाबाहेर नेणार नाही आणि जे तयार होईल ते संबंधित ग्रामपंचायतीला व पुराभिलेखागाराला देऊ. याची सुरुवात एका जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांत करून पाहावी. अनुभव चांगला आला नाही तर शासनाने परवानगी मागे घ्यावी. आम्ही हरकत घेणार नाही.

या चारही मागण्यांवर चर्चेसाठी महसूल, सार्वजनिक आरोग्य व सांस्कृतिक कार्य या विभागांच्या अधिकाऱ्यांसह आपण आम्हाला वेळ द्यावी. निर्णय व्हायला अवधी लागणार असेल, तर निदान निंदणीकरण थांबवण्याचे परिपत्रक येत्या पावसाळ्यापूर्वी काढावे, ही आपणास कळकळीची विनंती.

आपले नम्र,
स्थानिक व वैद्यकीय इतिहासाचे हौशी अभ्यासक
(सह्या सोबतच्या पानावर)

प्रत माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी :
मा. संचालक, पुराभिलेख संचालनालय, मुंबई
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, मंत्रालय, मुंबई
सर्व मा. जिल्हाधिकारी