सही म्हणजे निरोप नव्हे

सातारा-सांगलीकडच्या माणसाचे दुखणे हाताबाहेर गेले की त्याची पावले मिरजेकडे वळतात. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी तेथे मिशन रुग्णालय उघडले, तेव्हापासूनची ही वहिवाट. डॉक्टरांविषयी मला आदर आहे, म्हणूनच भांडतो.

गेल्या साली माझे थोरले बंधू एका रुग्णालयात होते. कोणत्या, ते सांगत नाही. एका इंजेक्शनाने मध्यरात्री त्यांच्या अंगावर गांधी उठल्या. रात्रीच्या डॉक्टरांनी ते बंद केले. सकाळी पाळी बदलली आणि तेच इंजेक्शन पुन्हा खाटेशी आले! मी हात आडवा धरला म्हणून टळले. पाळीबदलाची वही पाहिली, तो दोघांच्याही सह्या जागच्या जागी!

"रोज बैठक घ्यायला वेळ कोठे आहे?" असे मलाच विचारण्यात आले. आजारी फार, माणसे थोडी, हे खरे. पण एकेरी रेल्वेमार्गावर टोकनाचा गोळा हाती पडल्यावाचून गाडी हलत नसे. तेथे घाई नव्हती काय? अमेरिका व कॅनडातील ९ बालरुग्णालयांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. पाळीबदलाच्या निरोपाची रीत बांधून देताच तेथे वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या. आणि वेळ काही अधिक लागला नाही!

मिरजेत १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. साताऱ्यासही आता झाले. तेथे ही रीत शिकवा. जाणाऱ्याने खाटेशी उभे राहून सांगावे, येणाऱ्याने ते उलट म्हणून दाखवावे. प्रत्येक रोग्याच्या उशाशी जागा भाऊ असेलच, असे धरून चालू नका.