डाग गाडीचा, हात कुणाचा?

गाडीच्या रंगावर बसलेले डांबराचे ठिपके, काचेवर उरलेला स्टिकरचा डिंक, बोअरच्या पाण्याचे पांढरे चट्टे, पक्ष्याची वाळलेली विष्ठा. हा काय वैचारिक पानावर मांडण्याचा विषय झाला, असे कुणी विचारील. आमचे उत्तर असे की, होय, झाला. कारण हे डाग आपोआप जात नाहीत, कुणाच्या तरी हाताने जातात. तो हात कुणाचा आणि त्या हाताचे पुढे काय होते, हा प्रश्न फुले-आंबेडकरी चळवळीने नेहमीच विचारला आहे.

शिक्षण आणि राखीव जागा यांच्या बळावर समाजातील एक वर्ग नोकरीत स्थिरावला. त्याने घर घेतले, गाडी घेतली. याचा आम्हाला आनंद आहे आणि अभिमानही आहे. परंतु त्या गाडीजवळ भल्या पहाटे बादली-फडके घेऊन उभा राहणारा तरुण अनेकदा शेजारच्याच वस्तीतून आलेला असतो. तोही आपलाच. गाडीमालक त्याला सांगतो, "हा डाग गेला पाहिजे." कशाने काढणार, हे विचारत नाही. मग तो तरुण हाताला लागेल ते वापरतो. पेट्रोल, थिनर, संडास साफ करण्याचे अ‍ॅसिड, दाढीचे ब्लेड, भांडी घासायची तारेची घासणी. डाग जातो खरा, पण जाताना गाडीचा रंग आणि माणसाची कातडी दोन्ही सोलून जातो.

याची काहीही गरज नाही, एवढेच आम्हाला सांगायचे आहे. जी पद्धत गाडीच्या रंगाला जपते, बहुतेक ठिकाणी तीच माणसाच्या हातालाही जपते. शिवाय ती स्वस्त आहे.

आधी रंगाची गोष्ट. आजच्या गाड्यांच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी. सगळी चमक या थराची. धुळीने माखलेल्या गाडीवर कोरडे फडके जोराने घासले की धूळच कानसीचे काम करते. म्हणून गाडी सावलीत घ्यावी, पत्रा थंड होऊ द्यावा, भरपूर पाण्याने धूळ उतरवावी आणि मगच डागाकडे वळावे.

पुढचा नियम असा की, डाग कशाचा आहे ते ओळखल्याशिवाय औषध लावू नये. पक्ष्याची विष्ठा आम्लधर्मी असते. उन्हात रंग तापून मऊ होतो, थंड होताना आखडतो आणि त्या विष्ठेचा ठसा कायमचा उमटतो. ती खरवडू नये. ओले फडके दहा मिनिटे तिच्यावर ठेवावे, ती भिजून सुटते. झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीवर चिकट थेंब पडतात. ते पुष्कळदा झाडाचा डिंक नसतातच, तर पानांवरच्या मावा, पिठ्या ढेकूण अशा किडींनी टाकलेला गोड द्रव असतो. साखरच ती, कोमट साबणाच्या पाण्याने विरघळते. खरा डिंक असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन हलकेच टिपावे.

डांबर पाण्याला दाद देत नाही, कारण ते तेलाच्या जातीचे. त्याच्यावर तेलाची किंवा टार रिमूव्हरची पट्टी थोडा वेळ ठेवली की ते मऊ पडते आणि पुसता येते. नंतर ती जागा साबणाने धुवावी. इमारतीला रंग देताना उडालेले बारीक शिंतोडे गाड्यांच्या सामानाच्या दुकानात मिळणाऱ्या क्लेने, साबणाचे पाणी मारत मारत, उतरवता येतात. बोअरच्या पाण्याचे चट्टे म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. काचेवरच्या चट्ट्यांना व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे पुरते. पाच मिनिटांनी स्वच्छ पाण्याने धुवावे आणि लगेच कोरडे करावे.

आता काच. मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. 27 एप्रिल 2012 रोजी अविषेक गोएंका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि देशभर गाड्यांच्या काळ्या फिल्म उतरवण्यात आल्या. फिल्म निघते, पण डिंक मागे राहतो. 2021 पासून फास्टॅग सक्तीचा झाला, तो बदलतानाही हाच डिंक उरतो. आणि चौदा एप्रिलला मागच्या काचेवर मोठ्या अभिमानाने लावलेले 'जयभीम'चे स्टिकर दोन उन्हाळ्यांत विटते, अर्धवट फाटते. महापुरुषांचे नाव असे चिंध्या होऊन गाडीवर राहू नये. जुने नीट उतरवून नवे लावावे.

हा डिंक उष्णतेने मऊ होतो. केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा द्यावी किंवा गरम पाण्यात पिळलेले फडके ठेवावे, कोपरा उचलावा आणि हळूहळू ओढावे. उरलेल्या डिंकावर खोबरेल तेल चोळून पंधरा मिनिटे थांबावे, मग साबणाने धुवावे. काचेवर ब्लेड चालते, पण काच साबणाच्या पाण्याने ओली ठेवून, पाते आडवे धरून, एकाच दिशेने. मागच्या काचेवर तापणाऱ्या बारीक तारा असतात, त्या बाजूला ब्लेड लावूच नये. रंगावर तर कधीही नाही. तिथे जुने प्लॅस्टिकचे कार्ड पुरे. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर यांनी रंग मरतो. दिव्यांची पारदर्शक काच म्हणजे खरे तर पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिक, तेही त्यांनी तडकते.

एवढे साधे ज्ञान असताना ॲसिडची बाटली का निघते? कारण या पद्धतीत दहा-पंधरा मिनिटे थांबावे लागते आणि रांगेत वीस गाड्या पुसणाऱ्या माणसाला थांबायला कुणी वेळ देत नाही. आमच्या मते दोष इथे आहे.

या घाईची किंमत मोजणारा मालक नसतो. पेट्रोलमध्ये बेंझिन असते. भारतातील पेट्रोलमध्ये त्याची मर्यादा एक टक्का आहे, पण बेंझिन कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेले आहे. ते श्वासातून जाते, कातडीतूनही जाते. गाड्या धुण्याच्या आणि गंज काढण्याच्या काही रसायनांत हायड्रोफ्लुओरिक ॲसिड असते. त्याचा भाजलेपणा कधी कधी सुरुवातीला दुखतही नाही, आणि तोवर ते आत हाडापर्यंत उतरू लागते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात 2001 ते 2013 या काळात गाड्या धुणाऱ्या कामगारांच्या अशा भाजण्याच्या 48 घटना नोंदल्या गेल्या. ट्रक धुणाऱ्या एका कामगाराचा तर असे रसायन पोटात जाऊन मृत्यू झाला. तिथे निदान नोंद झाली. आपल्याकडे हीच रसायने थंडपेयाच्या रिकाम्या बाटलीत, चिठ्ठी न लावता, पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवलेली दिसतात. त्यातून कोण भाजले याची नोंद कोण ठेवतो?

वकील म्हणून आम्हाला यातली अडचण नेमकी दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. 1946 च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामगाराचा आठवडा 48 तासांचा झाला. पण ते संरक्षण कारखान्याच्या दारापर्यंत येऊन थांबते. सोसायटीच्या फाटकाशी वीस घरच्या वीस गाड्या पुसणाऱ्या माणसाचा मालक कोण? प्रत्येक जण म्हणणार, तो माझा नोकर नाही, महिन्याला पैसे देतो एवढेच. म्हणजे काम वीस जणांचे आणि जबाबदारी एकाचीही नाही. हात भाजला तर दावा कुणावर लावायचा? उलट रंगावर ओरखडा आला तर पैसे कापायला मात्र नेमका मालक हजर असतो. ओरखड्याचा मालक सापडतो, जखमेचा सापडत नाही. हा कुठला न्याय?

म्हणून कायदा येईपर्यंत वाट न पाहता, गाडी असलेल्या आपल्या बांधवांनी आजच करता येईल ते करावे. सामान मालकाने आणून द्यावे आणि त्यासोबत नायट्राइलचे हातमोजे द्यावेत. कोणतेही रसायन मूळ बाटलीतच राहील, तिच्यावर नाव राहील, हे पाहावे. डाग काढण्याचे वेगळे काम असेल तर त्याचे वेगळे पैसे आणि वेगळा वेळ द्यावा. न सांगितलेल्या ओरखड्याबद्दल पगार कापू नये. पोरवयाच्या मुलाच्या हाती रसायन तर देऊच नये. चौदा वर्षांखालील मुलाला असे मजुरीला ठेवणे 2016 च्या दुरुस्तीनंतर सरसकट गुन्हा आहे. आणि रविवारी अर्धा तास काढून एखादा डाग स्वतः काढून पाहावा. त्यात कमीपणा कसला? सफाई हे अमुकांचेच काम, ही समजूत तर आपण कधीच नाकारली आहे.

विहारात, अभ्यासिकेत, कामगार नाक्यावर या साध्या गोष्टी कुणीतरी एकदा करून दाखवाव्यात, अशी आमची तरुण कार्यकर्त्यांना विनंती आहे. बादली, साबण, खोबरेल तेल, व्हिनेगर आणि हातमोजे एवढे सामान पुरते. शिकलेल्याने शिकवायचे असते. ज्याला डागाची जात ओळखून तो उतरवता येतो, तो कारागीर होतो आणि कारागिराला आपला दर मागता येतो. गाडीची काच लख्ख व्हावी, जरूर व्हावी. पण ती लख्ख करणाऱ्याचे हात धडधाकट राहावेत, याची जबाबदारी काचेच्या आत बसणाऱ्याने घेतली पाहिजे.