स्लोली, प्लीज!

इंग्लिश बोलायला शिकवणारं पुस्तक हा मराठी घरातला अजरामर ऐवज आहे. कपाटात, जुन्या दिवाळी अंकांच्या खाली, पहिली वीस पानं मळकी आणि पुढची सगळी कोरी करकरीत! तुमच्याही घरी असेल बघा एखादं. आमच्या वडूजच्या घरी दोन आहेत. आजोबांची तर्खडकर भाषांतर पाठमाला आणि काकांचं रॅपिडेक्स. रॅपिडेक्सच्या जाहिरातीत कपिल देव असायचा. वर्ल्ड कप आणणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर काकांनी डोळे झाकून घेतलं. (कप आला. काकांचं इंग्लिश अजून यायचंय.)

आता तिसरं घ्यायची वेळ आलीये, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय. मी पुण्यात, त्यातून आयटीत, म्हणजे आपलं इंग्लिश एकदम फाडफाड असणार, असा गावाचा समज.

प्रकरण असं आहे. आमचा दादा कोइमतूरला गलाईच्या धंद्यात आहे. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं. खटाव, माण, खानापूर, आटपाडी या आमच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं या धंद्यापायी पिढ्यान्‌पिढ्या देशभर पसरलीयत. येत्या जूनमध्ये वहिनी आणि सहा वर्षांची पुतणी तिकडे राहायला चालल्यात. मागच्या दिवाळीत दोघी पंधरा दिवस जाऊन आल्या, तेव्हा पोरगी तापानं फणफणली. दादा भट्टीवर, फोन लागेना. वहिनी एकट्याच तिला घेऊन जवळच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी इंग्लिशमध्ये विचारलं, ताप कधीपासून आहे? प्रश्न वहिनींना कळला. उत्तर तर माहीतच होतं. पण तोंडातून शब्द फुटेना. शेवटी त्यांनी तीन बोटं दाखवली. बाईंना वाटलं, तीन उलट्या झाल्या. चिठ्ठीवर औषध आलं ते उलटीचं.

"भावजी, बोटं दाखवून किती दिवस काढायचं?" वहिनी मला म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण मला काही हसू आलं नाही.

आता, दादा कोइमतूरला गेला तेव्हा त्याला तमिळचा ओ की ठो कळत नव्हता. वर्षभरात तो सराफांशी तमिळमध्ये घासाघीस करायला लागला. पुस्तक? एकही नाही! गरम, जड, हलकं, आज नाही, पैसे उद्या, असं रोज कानावर पडायचं, रोज तोंडात यायचं. मग वहिनींनाच पुस्तक कशाला, असं घरात एक-दोघांनी विचारलंही. अहो, दादाशी बोलायला आख्खा बाजार होता. वहिनी असणार तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, दार लावून. तमिळ त्या शिकतीलच हळूहळू, पण शाळा आणि दवाखाना तोवर थांबणार नाहीत. त्यांना पुस्तक हवंय ते त्या बाजाराची जागा भरून काढायला. हे एकदा डोक्यात बसलं की दुकानातली निम्मी पुस्तकं आपोआप बाद होतात.

तर मी गेलो अप्पा बळवंत चौकात. पुणेकर या चौकाला एबीसी म्हणतात, आणि तिथल्या ढिगातली पहिली काही पुस्तकं खरंच एबीसीडीपासून सुरू होणारी निघाली. ती मी लगेच बाजूला ठेवली. वहिनी दहावी पास आहेत. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्लिश आलं ते २००० साली. वहिनी त्याआधीच्या, म्हणजे पाचवीपासून शिकलेल्या. पाटी वाचतात, स्पेलिंग बरोबर लिहितात, काळांचा तक्ता आजही धडाधड म्हणून दाखवतात. फक्त बोलत नाहीत. इंग्लिश शिकवणाऱ्यांच्या जगात अशांना 'फॉल्स बिगिनर' म्हणतात. बोलण्यात नवशिके, बाकी नाही. पस्तिशीच्या बाईच्या हातात ए फॉर ॲपल देणं हा चक्क अपमान आहे.

मग एकदम चकचकीत मंडळी, हेडवे आणि इंटरचेंज वगैरे. हेडवे १९८६ पासून जगभर चालतंय, आणि उगाच नाही चालत. पण ही पुस्तकं कुठलीही मातृभाषा असलेल्या वर्गासाठी बनवलेली. त्यामुळे मराठीचा एक शब्द नाही आणि पानोपानी 'पेअर वर्क'. वर्गात मस्तच. वडूजच्या स्वयंपाकघरात वहिनींनी पेअर कुणाशी जमवायची, म्हशीशी? अशाच एका पुस्तकाच्या मधल्या पानाचा फोटो मी त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला. अर्ध्या तासानं उत्तर आलं, "ह्यातली माणसं लई रिकामी हायेत. सारखी कॉफीला बोलवत्यात."

याहून नेमकं परीक्षण मी तरी वाचलेलं नाही.

शेजारीच रेमंड मर्फींचं 'ग्रामर इन युज' होतं. १९८५ पासूनचं, उत्तम पुस्तक. पण ते व्याकरणाचं. व्याकरण वहिनींकडे भरपूर आहे.

खरी गोम आहे ती धड्यांच्या क्रमात. बहुतेक पुस्तकं सोप्या व्याकरणाकडून अवघडाकडे जातात. आधी 'धिस इज अ पेन', मग रोजची कामं, मग कालची कामं. 'शी हॅज हॅड फीवर फॉर थ्री डेज' हे वाक्य या हिशेबानं पार शेवटी येतं, आणि वहिनींना ते सगळ्यात आधी हवं होतं! भाषेचा अभ्यासक्रम व्याकरणावर नव्हे, तर माणसाला काय सांगायचंय, काय मागायचंय यावर बेतावा, असं डी. ए. विल्किन्स यांनी १९७६ मध्ये 'नोशनल सिलॅबसेस' या पुस्तकात मांडलं. आपल्याकडे एन. एस. प्रभूंनी दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये १९७९ ते १९८४ असा प्रयोग केला, की मुलांना व्याकरण नाही, नकाशे, वेळापत्रकं अशी कामं द्यायची. ती करता करता भाषा यावी. आमचा दादा भट्टीपाशी वेगळं काय करत होता?

म्हणून मी अनुक्रमणिकेत 'दवाखाना' शोधत बसलो. आणि आणखी एक गोष्ट शोधली, ती फार कमी पुस्तकांत सापडली : संभाषण अडलं तर काय म्हणायचं? पुस्तकातली माणसं कधी अडतच नाहीत हो! एक विचारतो, दुसरा टाळी दिल्यासारखं उत्तर देतो. प्रत्यक्षात नवशिक्याचं बोलणं दर दुसऱ्या वाक्याला ठेचकाळतं. 'सॉरी, स्लोली प्लीज', 'कॅन यू राइट इट डाउन?', 'यू मीन टुमॉरो?' अशी पाच-सहा वाक्यं पहिल्या धड्यात नसतील, तर ते पुस्तक माझ्या मते संभाषणाचं नाहीच.

मराठी हवं की नको, यावर तज्ज्ञ भांडत बसोत. एकटीनं शिकणाऱ्या बाईला शेजारी मराठी अर्थ हवाच, असं मी ठरवून टाकलं. पण नुसतं भाषांतर गोत्यात आणतं. आपण दुकानात म्हणतो, 'एक बाटली द्या'. त्यातल्या 'द्या'मध्येच आदर आला. तेच इंग्लिशमध्ये 'गिव्ह मी वन बॉटल' झालं की हुकूम सोडल्यासारखं वाटतं. आपला 'द्या ना जरा' तिकडे 'कुड आय हॅव' होतो, हे सांगणारं पुस्तक हवं. देवनागरीत छापलेले उच्चार सुरुवातीला सोयीचे, पण शब्दात जोर कुठे द्यायचा हे त्यातून कळत नाही. त्यासाठी कान लागतो. पूर्वी पुस्तकासोबत कॅसेट यायची, मग सीडी. आता क्यूआर कोड असतो, तो दुकानातच स्कॅन करून बघा. आवाज मालगाडीच्या वेगानं बोलला तर उत्तम, राजधानीच्या वेगानं बोलला तर ठेवून द्या.

शेवटी घेतलं ते एक बारीकसं द्विभाषिक पुस्तक. नाव सांगत नाही, कारण तुमच्या वहिनींना दुसरंच लागेल. दवाखान्याचे दोन धडे, शाळेचा एक. 'माय टाउन'च्या धड्यात म्युझियम आणि पूल होता. तो वहिनींनी पेन्सिलीनं खोडला आणि तिथं येरळा नदी घातली, हुतात्मा स्मारक घातलं. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, हे साध्या इंग्लिशमध्ये सांगायला आम्हाला फोनवर दोन संध्याकाळी लागल्या. 'मार्च' म्हणजे महिना नाही का, यावरच एक गेली.

रोज रात्री साडेआठला फोन, वीस मिनिटं. मी कधी डॉक्टर, कधी शाळेतली टीचर. उद्या मी घरमालकीण आहे. पाणी किती वाजता येतं आणि मोटर कुणी लावायची, हे वहिनी मला विचारणार आहेत. हा धडा पुस्तकात नाहीये, त्यामुळे त्याच लिहितायत.