दोन मिनिटांची चकाकी

सेकंडहँड घेतलेल्या माझ्या गाडीला आधीच्या मालकाने हौसेने पॉलिश्ड ॲल्युमिनियमची चाकं बसवली होती. अगदी आरशासारखी. पावसाळ्यात ती पार मळली म्हणून गाडी घराजवळच्या वॉशिंग सेंटरला नेली. तिथल्या पोऱ्याने एका बिनलेबलच्या कॅनमधलं काहीतरी ब्रशने चाकांवर फासलं. फसफस फेस आला आणि ब्रेकची काळी पुटं दोन मिनिटांत गायब! मी खूश. त्याला पन्नास रुपये वर दिले. घरी येऊन चाकं वाळल्यावर बघतो तर काय, आरसा गेला आणि उरलं जर्मनचं जुनं पातेलं. पांढुरकं, मुकं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. पॉलिश्ड चाकांना ॲसिड लावू देऊ नये. आणि ज्याला रविवारची वीस मिनिटं चाकांपाशी उकिडवं बसायचा कंटाळा असेल, त्याने असली चाकं घेऊच नयेत.

आता थोडं रसायनशास्त्र. (पळून जाऊ नका, कुकरपुरतंच आहे.) ॲल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर आपोआप बसतो. तोच त्या धातूचं चिलखत. पण हे चिलखत जास्त आम्लातही विरघळतं आणि जास्त अल्कलीतही. म्हणून धुण्याच्या सोड्याने जर्मनची भांडी काळी पडतात, आणि म्हणूनच आई कुकरच्या तळच्या पाण्यात लिंबाची फोड टाकते. जड पाण्याची अल्कली तेवढ्याने मरते आणि कुकर काळा पडत नाही. इतका नेमका डोस मारणं आईला जमतं, वॉशिंग सेंटरला नाही.

चकाकी म्हणजे दुसरं काही नाही, सपाटपणा. पृष्ठभाग गुळगुळीत असला की प्रकाश एका दिशेने परततो आणि आपल्याला आरसा दिसतो. कडक ॲसिड मळाबरोबर धातूही खातं, बारीक बारीक खड्डे पाडतं, प्रकाश विखुरतो आणि चाक पांढरट दिसतं. म्हणजे माझं चाक 'स्वच्छ' झालं नव्हतं, सोललं गेलं होतं.

मग करायचं काय? आधी आपलं चाक कुठल्या जातीचं ते ओळखा. कंपनीतून येणाऱ्या बहुतेक अलॉयवर रंग किंवा पारदर्शक लॅकर असतो. पांढऱ्या फडक्यावर थेंबभर मेटल पॉलिश घ्या आणि कोपऱ्यात चोळा. फडकं काळं झालं तर धातू उघडा आहे. नाही झालं तर वर लॅकर आहे. त्याला मेटल पॉलिश लावायचं नाही, नुसता शाम्पू आणि वॅक्स.

उघड्या धातूसाठी माझी पद्धत अशी. गाडी सावलीत, चाकं गार. आधी भरपूर पाणी, कारण ब्रेकच्या भुकटीत लोखंडाचे कण असतात. कोरडं घासलंत तर तुम्हीच ओरखडे पाडाल. मग साधा कार शाम्पू, मऊ ब्रश, आणि चाकांची बादली वेगळी. पुसून कोरडं करायचं. चाक नुसतं मंद झालं असेल तर मऊ कापडावर मेटल पॉलिश घेऊन हातभर जागा एका वेळी. माझ्यासारखी दशा झाली असेल तर आधी वॉटर पेपर, पाणी लावून: 800, मग 1000, 1500 आणि 2000. प्रत्येक नंबरने आधीच्या नंबरचे ओरखडे गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. इथे घाई केली की शेवटी सगळं उघडं पडतं. (टेस्टिंग न करता रिलीज केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.) शेवटी वॅक्स किंवा सीलंट. पॉलिश ब्रेकच्या डिस्कला मात्र अजिबात लागू देऊ नका. आणि खड्डे खोल असतील तर सरळ बफिंगवाल्याकडे जा.

मला एका चाकाला अख्खी सकाळ लागली. चार चाकं, चार रविवार.

फडक्यावर येणारं ते काळं म्हणजे मळ नव्हे, बरं का. ते तुमचंच चाक आहे. प्रत्येक पॉलिशला धातूचा एक पापुद्रा जातो. त्यामुळे दर रविवारी पॉलिश करणं हीही चूकच. धुवायचं वरचेवर, पॉलिश क्वचित. कोकणात किनाऱ्यावर जाऊन आलात तर त्याच दिवशी धुवा, खारं पाणी ॲल्युमिनियमला टोचे पाडतं.

"एवढा वेळ कुणाला आहे?" हा प्रश्न मलाही मान्य आहे. वेळ नसेल तर रंगवलेली चाकं घ्या, छान दिसतात. पण दोन मिनिटांत चकाकी मागू नका. कारण ती दोन मिनिटं दुसरं कुणीतरी भोगत असतं.

झालं असं की पुढच्या रविवारी मी भांडायला म्हणून त्या सेंटरवर गेलो. तोच पोऱ्या, तोच कॅन, हात उघडे. बोटांची टोकं पांढरी, सालं निघालेली. काही व्हील क्लीनरांमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. ते त्वचेतून आत शिरतं, शरीरातल्या कॅल्शियमला धरतं, आणि पातळ असलं तर दुखायला लागतं काही तासांनी. तोवर काम झालेलं असतं. त्याला विचारलं, यात काय आहे? म्हणाला, "ॲसिड आहे साहेब. शेठ आणतात." मग हातमोजे का घालत नाहीस? "घातले की ब्रश सटकतो. आणि लोकांना लगेच पाहिजे असतं ना."

लोकांना म्हणजे मलाच. पन्नास रुपये मीच दिले होते की!

भांडण राहिलं बाजूला. मालकाला एवढंच म्हटलं की माझ्या गाडीला हा कॅन लागणार नाही, फक्त शाम्पू. तो खांदे उडवून हसला. हसू दे. पण आपण दहा जणांनी हेच म्हटलं आणि कॅनवरचं लेबल मागितलं, तर अकराव्या वेळी तो कॅन बदलेल असं मला वाटतं.

ता.क. तीन चाकं पुन्हा आरसा झाली. चौथ्यावर एक पांढुरका डाग राहिलाय. तो मी मुद्दाम ठेवलाय, असं बायकोला सांगितलंय. :)