सातबाऱ्याच्या भाषेतून अरबीकडे



कोकणातल्या कितीतरी घरांतले मुलगे मस्कत, दुबई, कुवेत अशा ठिकाणी कामाला आहेत. जाणारा सुतारकाम, वायरिंग असे काही हुन्नर शिकून जातो. भाषा मात्र 'तिकडे गेल्यावर येईल' म्हणून राहते. पण कराराचा कागद दोन भाषांत असला, तरी वाद पडल्यास आखाती देशांत बहुधा अरबी मजकूरच प्रमाण धरतात. म्हणून निघण्यापूर्वी चार-सहा महिने रोज अर्धा तास अरबीला द्यावा.

ही भाषा आपल्याला अगदीच परकी नाही. तालुका, जिल्हा, मालक, हक्क, वसूल, खरीप, रब्बी हे शब्द मूळ अरबी. फारसीच्या वाटेने ते मराठीत आले. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात. ह-स-ल म्हणजे हाती येणे, गोळा होणे. त्यापासून हासिल, तहसील आणि महसूल. अरबीत 'महसूल' म्हणजे शेतातून हाती आलेले पीक. आपल्याकडे तो त्या पिकावरचा सारा झाला! याच साच्यात क-त-ब हा लिहिण्याचा धातू घातला की 'मकतूब', म्हणजे लिहिलेले. मजकूर, मंजूर, मशहूर हे शब्दही याच साच्यातले. किताब पुस्तक, कातिब लिहिणारा, मकतब कचेरी. सुटे शब्द घोकण्यापेक्षा असे एका धातूचे कुटुंब एकत्र पाठ करावे. एका कष्टात चार शब्द पदरात पडतात.

मात्र ओळखीचा शब्द दिसला म्हणून अर्थ तोच धरू नये. अरबीत 'गरीब' म्हणजे परका, अनोळखी. दरिद्री माणसाला 'फकीर' म्हणतात. 'करार' म्हणजे निर्णय. आपण ज्याला करार म्हणतो तो तिकडे 'अक्द'.

सुरुवात अक्षरांपासून करावी. ती 28 आहेत आणि उजवीकडून डावीकडे लिहितात. ब, त आणि 'थ'सारखे एक अक्षर यांचा आकार एकच. फरक फक्त ठिपक्यांचा. ब ला खाली एक, त ला वर दोन, तिसऱ्याला वर तीन. रोज चार अक्षरे गिरवली तर आठवड्यात सगळी होतात. पुढे ती जोडून लिहिण्यास आणखी दोन-तीन आठवडे लागतील. ऱ्हस्व स्वर एरवी लिहीत नाहीत, म्हणून प्रथम स्वरचिन्हे दिलेले पुस्तकच घ्यावे. ज्या घरांत मुले कुराण वाचायला शिकलेली आहेत, तिथे ही पायरी झालेलीच असते. त्यांनी थेट अर्थाला लागावे.

आकड्यांना जपावे. तिकडे चालणाऱ्या अरबी आकड्यांत शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि आपल्या शून्यासारखे गोल दिसते ते 5. पगाराचा आकडा वाचताना एवढी चूक महागात पडते. अक्षरे उजवीकडून लिहीत असले, तरी आकडा आपल्यासारखाच डावीकडून वाचायचा.

लिहिण्याची अरबी सर्व अरब देशांत जवळजवळ एकच. बोलणे मात्र देशागणिक बदलते. 'कुठे' याला पुस्तकात 'ऐन', आखातात 'वेन'. म्हणून कागद वाचण्यासाठी पुस्तकी भाषा आणि बोलण्यासाठी जिथे जायचे तिथली, असे दोन्ही थोडे थोडे शिकावे. गावात आखातातून परतलेला कोणी असेल, तर त्याच्याजवळ बसून रोज दहा वाक्ये मोठ्याने म्हणावीत. अरबीत 'प' नाही, तो 'ब' होतो. तेव्हा कोणी 'बंब' म्हणाला तर पंप समजावा.

आज शिकलेले शब्द उद्या, तिसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा म्हणावेत. आई, बहीण, बायको यांनी वही हातात धरून मराठी शब्द विचारावा, त्याने अरबी सांगावा. यासाठी विचारणाऱ्याला अरबी येण्याची गरज नाही. वहीत ते देवनागरीत लिहिलेले असले म्हणजे झाले.

आणि पाच शब्द तर सहीपूर्वी कागदावर ओळखता यावेत: अक्द म्हणजे करार, रातिब म्हणजे पगार, साआत म्हणजे तास, इजाजा म्हणजे रजा आणि जवाज म्हणजे पासपोर्ट. सातबारा वाचता येणाऱ्याला जमिनीच्या व्यवहारात फसवणे अवघड जाते. परमुलखी निघालेल्या मुलाच्या हाती कराराचा कागद आला, तर तोही त्याला तसाच वाचता आला पाहिजे.